हिरव्या दोऱ्याची चोपडी

मी ठिपक्यांची चोपडी बोलतेय. पोलीसभरतीच्या दवाखान्यात डोळे तपासायची खोली असते ना, तिथली. एकतीस वर्षं माझ्यासमोर दुसरेच बोलत आले आणि मी ऐकून घेतलं. आता माझी शिवण सैल झालीय, पानं स्वस्थ पडत नाहीत, पंखा बंद असला तरी आतल्या आत फडफडतात. तेव्हा आज मी बोलणार. कोणाला राग आला तर येऊ दे.

आधी माझी ओळख. चोवीस जाड पानं, डाव्या बाजूनं शिवलेली. प्रत्येक पानावर एक गोल, आणि गोलात शेकडो ठिपके, हिरवे, तांबडे, मातकट, पिवळट. ज्याला रंग नीट कळतात त्याला त्या गर्दीत एक आकडा दिसतो. ज्याला कळत नाहीत त्याला नुसते ठिपके. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, त्यावर बारा. ते आपलं माणसाला धीर यावा म्हणून. आणि सतरावं पान सगळ्यांत वाकडं. तिथं चांगल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण ज्याला रंग कळत नाहीत त्याला तिथं स्पष्ट दोन दिसतो. चोर पकडायला ठेवलंय म्हणा ते.

मला छापलं तेव्हा रंग कालवणारा एक म्हातारा होता. एक ठिपका जरा जास्त तांबडा उतरला म्हणून त्यानं अख्खा गठ्ठा फेकून दिला. पानं शिवणारी बाई वैतागली. "एवढं काय नडलंय? आजोबा, ठिपकाच तर आहे."

तो म्हणाला, "ठिपका नाही बाई, कोणाची तरी नोकरी आहे ती."

असं जपून जन्माला घातलं मला. माझ्या पाठीवर नियम छापले. खिडकीच्या उजेडात वाचावी. बोट लावू नये, आकडा गिरवायचा तर कोरड्या कुंचल्यानं. एका पानाला तीन सेकंद. काम झालं की कपड्यात गुंडाळून ठेवावी. पहिलं वर्षभर सगळं पाळलं लोकांनी. मग कुंचला टेबलावरची धूळ झाडायला गेला, कपडा चष्मा पुसायला गेला, आणि माझ्यावर चहाचा ग्लास आला. पाचव्या पानावर चहाचा थेंब पडला. नवव्याचा कोपरा दुमडला. अकराव्यावर कोणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा. आठवं पान तेवढं कोरं राहिलं, एक डाग नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझ्यासमोर कोण कोण बसून गेलं! मैदानात धावून आलेली, घामानं निथळणारी पोरं. छाती मोजून झाली, उंची मोजून झाली, आता काय राहिलं म्हणून हसत यायची आणि तिसऱ्या पानाला हसू मावळायचं. कोणी डोळे चोळायचा, कोणी मान तिरकी करायचा, जसा काही आकडा पानाच्या मागं लपलाय. एकजण भांडलाच. "अहो, मी रोज सिग्नलला थांबतो! लाल दिवा मला कळत नाही होय?" त्याला वरचा दिवा कळत होता, लाल नव्हे. ते त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

लोक म्हणतात, पोलिसाला कशाला लागतात रंग? लागतात. पळालेल्याचा शर्ट कुठला, निसटलेली गाडी कुठली, जमिनीवर सांडलंय ते रक्त की ऑइल, हे सांगावं लागतं, आणि त्या सांगण्यावर दुसऱ्याला धरतात. नियम म्हणून मी वाईट नाही. पण नियम हातात धरणारं माणूस कसं आहे, यावर माझं सगळं अवलंबून. ते मी पुढं सांगतेच.

एकोणतीस वर्षांपूर्वी एक उंच, सडपातळ तरुण माझ्यासमोर बसला. मी त्याला ओळखलं. आदल्या वर्षी तो तिसऱ्याच पानाला बाद झाला होता. पण बाद झाल्यावर घरी गेला नव्हता. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून, उघड्या दारातून पानांवरचे डाग त्यानं डोळ्यांनी आणि साठ जणांचं वाचन कानानं टिपलं होतं. आता तो परत आला आणि धडाधड बोलायला लागला. बारा, पस्तीस, चार, सत्तावन्न. तेव्हाचा तपासणारा मधली पानं गाळायचा, तरी हा चुकेना. कारण तो माझ्या गोलाकडं बघतच नव्हता. तो माझे डाग बघत होता. चहाचा थेंब, म्हणजे तीन. दुमडलेला कोपरा, म्हणजे एकोणऐंशी. कोरं करकरीत पान, म्हणजे सहा.

सतराव्या पानावर मात्र त्याची नजर पहिल्यांदा गोलाच्या मधोमध टेकली. तिथला दोन त्याला लख्ख दिसला. आणि तो म्हणाला, "इथं काही नाही."

पहिलं सोडून बाकी पानांवर न दिसलेलं दिसलं म्हणाला, आणि एका पानावर दिसलेलं नाही म्हणाला. पास झाला. मी काय करणार? मला तोंड नाही. एक पान फडफडवलं, तर तपासणाऱ्यानं पंखा कमी केला.

पुढं तो हवालदार झाला. चांगला होता हो. कोणाच्या अंगावर हात टाकायचा नाही, कामचुकार नाही. नोकरीची शेवटची चार वर्षं राहिली तेव्हा त्याला दवाखान्यात नेमलं, नेमका माझ्या खोलीच्या दारावर. बाहेर रांग लावायची, नंबर पुकारायचा, संध्याकाळी टेबल पुसून मला कपाटात ठेवायचं. पहिले कितीतरी महिने त्यानं मला उचललं ते तोंड फिरवून. मग हळूहळू एकटा असला की बोलायला लागला.

"काय चोपडे, आज किती जणांना घरी पाठवलंस?"

एकदा टेबल पुसता पुसता त्यानं एक गोष्ट सांगितली. बारा वर्षांपूर्वी एका दुकानातून एकजण चोरी करून पळाला. यानं त्याला पाठमोरा बघितला आणि वायरलेसवर सांगितलं, तपकिरी स्वेटर. तपकिरी स्वेटरवाला एक रंगारी सापडला, दोन दिवस कोठडीत बसला. तिसऱ्या दिवशी खरा चोर मिळाला. त्याचा स्वेटर हिरवा होता.

"रंगारी मला एक शब्द बोलला नाही," हवालदार म्हणाला. "बोलला असता तर बरं झालं असतं."

तेव्हापासून त्याच्या कागदांत रंगाचं नावच नसायचं. गडद शर्ट, फिकट साडी, गडद मोटार. ठाण्यातल्यांनी त्याचं नावच पाडलं, गडद हवालदार. त्यांना वाटायचं, माणूस गंभीर आहे म्हणून. तोही हसून घ्यायचा.

माझी शिवण तुटली ती तपासनिसामुळं. हा नवा तपासनीस, म्हणजे नवा कसला, एकोणीस वर्षं झाली त्याला. डोळे त्याचे चांगले, पण एकदा खुर्चीत बसला की माझ्याकडं ढुंकून बघायचा नाही. हातात उत्तरांची यादी. समोरचा बोलला की यादीशी ताडून बघायचं, बरोबर की चूक, झालं. यादी तो डोळ्यांत तेल घालून बघायचा, मला कधी नाही. एक दिवस त्यानं कपाटाचं दार धाडकन लावलं आणि मी त्यात चेमटले. दोरा तुटला, पानं सुटली, आणि आठव्या पानाची शिवणीकडची कड पार फाटून गेली.

"गडद, तुझा हात चांगला आहे," तपासनीस म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी घरी ने आणि शिवून आण."

अशी मी त्याच्या घरी गेले, वर्तमानपत्रात गुंडाळून.

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर हवालदाराची बायको. आजूबाजूला दोऱ्यांच्या रिळांचा डबा, आणि प्रत्येक रिळाला कागदाची चिठ्ठी. हिरवा, तपकिरी, लाल, मोरपंखी. चिठ्ठ्या कशाला, तर त्यांच्या लेकीला रंग कळत नव्हते. पोरगी लहानपणी आईला हिरव्याच्या जागी तपकिरी रीळ द्यायची, म्हणून आईनं ही युक्ती काढली. पोरगी आता बावीस वर्षांची होती.

"अहो, जाड दोरा हवाय ना? डब्यातला लाल घ्या," बायको मान वर न करता म्हणाली.

त्यानं डबा चाळला. जाड रिळं दोन होती, आणि दोन्हींच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. त्यानं एक उचललं.

मग पानं लावायला बसला. पाचवं चहाचं, नववं कोपऱ्याचं, अकरावं अंगठ्याचं. आठवं ते कोरं. पण आठव्याची शिवणीकडची कड फाटलेली, त्यात दोरा टिकेना. माणूस कामाला नेटका. त्यानं विचार केला, फाटकी बाजू बाहेर घेऊ, धड बाजू आत, म्हणजे शिवण पक्की बसेल. पान गरकन फिरवलं, दाभणानं नवी भोकं पाडली आणि शिवून टाकलं. त्याच्या लेखी गोल तो गोलच. तो इकडून काय आणि तिकडून काय!

अरे बाबा, वरची बाजू खाली गेली! सहाचा नऊ झाला! मी जीव खाऊन फडफडले. त्यानं माझ्यावर पाटा ठेवला, पानं चपटी बसावीत म्हणून.

बायको पदराला हात पुसत आली. "बघू तरी काय असतं त्यात."

"हात लावू नकोस. सरकारी वस्तू आहे."

"एवढी वर्षं ऐकतेय, बघितलं तर झिजणार आहे का ती?" असं म्हणून ती वाकली आणि माझी पाठ बघून हसायला लागली. "अहो! मी लाल सांगितला होता. हा हिरवा की!"

"उजेड कमी होता."

"भर दुपारी? लेकीला माझ्या भावाचं लागलं, आता तुम्हाला लेकीचं लागलं वाटतं."

पोरगी हसली. हवालदार नाही हसला. बायको मात्र हळूच म्हणाली, "तुमच्या आई गेल्या, पण त्यांचा बोल काही गेला नाही बघा. 'माहेरचं दुखणं पोरीच्या पदरात घातलंस.' पाहुण्यांसमोर म्हणायच्या. पोरगी सिग्नलला अडखळली की अजून माझ्याच काळजात धस्स होतं. जसं काही मी मुद्दाम दिलंय."

हवालदारानं तोंड उघडलं, मग दाभण उचललं आणि उगाच शेवटची गाठ पुन्हा घातली. दाभण माझ्या पाठीत गेलं, पण टोचलं कोणाला ते मला कळत होतं. बावीस वर्षं हा माणूस त्या बाईला बोल खाऊ देत होता. एका शब्दानं सुटली असती ती. माझा हात असता तर त्या दिवशी मी त्याच्या थोबाडीत दिली असती.

बायको शिवलेले कपडे पोचवायला गेली तसं त्यानं लेकीला समोर बसवलं. तिनं पोलीसभरतीचा अर्ज भरला होता. धावण्यात ती पहिल्या पाचात होती.

"पाढ्यासारखं पाठ कर. डाग बघायचा आणि आकडा बोलायचा."

"बाबा, दिसत नाही तर दिसतंय कसं म्हणू?"

"शाळेत पाठ करून लिहितच होतीस ना?"

"तुम्हाला दिसतं ना पण हे सगळं?"

"दिसतं की," तो म्हणाला.

पोरगी पाठ करत गेली. सतराव्या पानाला एकदम उजळली. "बाबा, इथं दिसतंय! इथं दोन आहे!"

"नाही. इथं काही नाही असं म्हणायचं."

"पण आहे!"

"असू दे. चांगल्या डोळ्यांना तो दिसत नाही. तू काही नाही म्हण."

तिचा चेहरा बघवला नाही मला. चोवीस पानांत एकच तिचं होतं, तेही बापानं काढून घेतलं.

मी परत दवाखान्यात आले आणि तिथून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रोज माणसं यायची, आठव्या पानाला नऊ म्हणायची, तपासनीस यादीत सहा बघायचा आणि फुली मारायचा. नियम असा की चोवीस पानांत एक चूक माफ, दुसरी झाली की बाद. म्हणजे प्रत्येकाची एक चूक आधीच गेलेली. एखाद्यानं घाबरून कुठं तिनाच्या जागी आठ म्हटलं की संपलं. चांगले डोळे घेऊन माणसं घरी जात होती. तपासनिसाला शंका येऊ नये? आली. तो हवालदाराला म्हणाला, "आठव्याला सगळेच चुकतात बघ. मोबाइलनं डोळे गेलेत हल्लीच्या पोरांचे."

आठ महिने असे गेले. मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून तपासनिसाच्या शेजारी बसल्या. तो दिवस मुलींच्या तपासणीचा. हवालदाराची लेक रांगेत सहावी.

पहिली मुलगी वाचत गेली. आठव्याला म्हणाली, "नऊ." तपासनिसानं फुली मारली.

"फुली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सहा आहे मॅडम. हे बघा, यादीत."

"पान बघा ना."

"पान काय बघायचं? एकोणीस वर्षं बघतोय."

"तुम्ही यादी बघताय." बाई पुढं वाकल्या. त्यांनी मला बघितलं. नीट, तीन सेकंद, नियमात लिहिलंय तसं. मग माझ्या फाटक्या कडेवरून नजर फिरवली आणि माझ्या पाठीचा हिरवा दोरा बघितला. त्यांना सगळं कळलं. फुली खोडली आणि एवढंच म्हणाल्या, "चालू द्या. आज आठव्याला सहा कोण म्हणतं ते मला बघायचंय."

दारात उभ्या हवालदारानं हे ऐकलं. मी बघत होते त्याच्याकडं. आधी त्याला उमगलं नाही. मग त्याचा हात हवेतच असा गरकन फिरला, पान फिरवावं तसा, आणि तिथंच थांबला.

त्यानंतर त्याचा पाय एका जागी ठरेना. पाणी प्यायला गेला, न पिताच आला. तीन नंबर दोनदा पुकारला. "कान तपासून घ्या हो हवालदार," एक मुलगी म्हणाली, रांग हसली. तिसरी नऊ म्हणाली. चौथी नऊ म्हणाली. त्याच्या लेकीनं सहा म्हटलं की ती पकडली जाणार, आणि तिला कोणी शिकवलं हे विचारलं जाणार. पाचवी आत बसली तसा तो बाकाकडं गेला. दार उघडंच होतं. तो लेकीजवळ वाकला, काहीतरी पुटपुटला. लेकीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

"सहा नंबर!"

ती माझ्यासमोर बसली. तपासनीस कौतुकानं म्हणाला, "आपल्या गडदची लेक आहे, मॅडम."

बारा. पस्तीस. चार. सत्तावन्न. नजर बापासारखीच माझ्या डागांवरून चाललेली. सातवं झालं. आठवं उघडलं. ती थांबली. एक सेकंद, दोन, तीन. बाहेर हवालदाराच्या बुटाचा आवाज थांबला.

"बोल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इथं काय म्हणायचं ते मला कळेना."

"काय म्हणायचं ते नाही. काय दिसतं ते सांग."

"दिसत तर काहीच नाही," पोरगी म्हणाली. "घरी मला सहा शिकवलं. आत्ता बाहेर नऊ सांगितलं. एकच पान, एकच माणूस, दोन उत्तरं. म्हणजे शिकवणाऱ्यालाही दिसत नसणार."

तपासनिसानं पहिल्यांदाच यादी खाली ठेवली.

"घरात अजून कोणाला आहे हे?" बाईंनी विचारलं.

"मामाला. आईच्या माहेरचं आहे म्हणतात."

"आईकडून येतं, खरंय. पण मुलाला आलं तर एकट्या आईकडून येतं. मुलीला यायचं असेल तर बापालाही असावं लागतं. जवळजवळ नेहमीच."

पोरीनं दाराकडं बघितलं नाही. तिनं माझ्याकडंच बघत म्हटलं, "बाबा, आई बावीस वर्षं तुमच्या आईचं ऐकत होती. तुम्ही शेजारी बसून."

हवालदार आत आला. टोपी काढून हातात घेतली.

"हे पान कोणी शिवलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"वाचा."

एकोणतीस वर्षांनी तो पुन्हा माझ्यासमोर बसला. या वेळी त्यानं डाग बघितले नाहीत. गोलाच्या मधोमध बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, जसं कोणी हरवलेलं माणूस गर्दीत शोधतं.

"नाही दिसत, मॅडम. कधीच दिसलं नाही."

त्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा खरं वाचलं.

पुढं काय झालं ते मला माझ्या खोलीपुरतंच माहीत. त्याची चौकशी लागली, दारावरची नेमणूक गेली. तपासनीस तावातावानं म्हणत होता, "त्यानं उलटं शिवलं, माझा काय दोष?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं. जास्त बोलू नका." मग आठ महिन्यांचं रजिस्टर काढलं. आठव्या पानामुळं बाद झालेले अकरा जण निघाले. त्यांना परत बोलवायची पत्रं हवालदारानं स्वतःच्या हातानं लिहिली, माझ्याच टेबलावर बसून. प्रत्येक पत्रात एक ओळ जास्तीची घातली, 'चूक तुमच्या डोळ्यांची नव्हती.' ती ओळ खोडावी असं तपासनीस म्हणाला. बाईंनी खोडू दिली नाही. अकरातले नऊ आले, आठ पास झाले. दोघं आलेच नाहीत. ती पत्रं कुठं पडली असतील, कोणी उघडली असतील की नाही, हे मला अजून छळतं.

पोरगी बाद झाली. व्हायलाच हवी होती, गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. पण लोकांचे फोन घेणाऱ्या कक्षाला रंगांची अट नसते, तिथला अर्ज भरायला तिला बाईंचा दाखला हवा होता. त्यासाठी ती परत आली. बरोबर आई. मागं बाप, साध्या कपड्यांत. तो बाहेरच्या बाकावर बसला, जिथं बसून त्यानं साठ जणांचं ऐकलं होतं तिथंच.

दाखला झाला. तरी आई उठेना.

"ती चोपडी कुठाय? मला बघू द्या एकदा."

बाईंनी मला खणातून काढलं. तिनं माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. "माझाच दोरा," म्हणाली, आणि खिडकीच्या उजेडात मला धरून मोठ्यानं वाचायला लागली. बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बारा! पस्तीस! चार! एकेक आकडा ती असा बोलत होती की जसं काही कोणाच्या पुढ्यात आपटतेय. आठव्याला थांबून म्हणाली, "नऊ. सुलट धरलं तर सहा. दोन्ही दिसतात मला." बाकावर हवालदार मान खाली घालून ऐकत होता. सोळा पानं तिनं अशी वाचली. बावीस वर्षांचं होतं ते, लवकर कसं संपणार?

सतराव्या पानाला ती अडली. पान जवळ घेतलं, लांब धरलं.

"इथं तर काहीच नाही."

"आहे की आई," लेक म्हणाली.

"कुठं?"

तेवढ्यात बाहेरून, बाकावरून आवाज आला. हलकाच. "दोन."

"दोन," लेकही म्हणाली.

आई एकदा लेकीकडं बघे, एकदा दाराकडं. मग तिनं मला बंद केलं आणि टेबलावर ठेवलं, आपटलं नाही. बाहेर जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं तिनं. ती म्हणाली, "घरी चला. रिळांना चिठ्ठ्या लावायच्यात. या वेळी तुम्ही लावायच्या, मी रंग सांगते. आणि माझ्या भावाला आज फोन करायचा. तुम्ही करायचा."

तो उठला. ती पुढं चालायला लागली, तो मागं. पोरगी मधे.

आता माझ्या जागी नवी चोपडी आलीय, कोरी, कोऱ्या कपड्यात गुंडाळलेली. मी खालच्या खणात आहे. पोरीच्या अर्जाचं काय झालं, त्याची चौकशी कुठवर आली, मला कोणी सांगत नाही. खण उघडला की कान देते, बंद झाला की पुन्हा तळमळते. माझे रंग उडत चाललेत. उद्या रद्दीत घालतील.

घाला. एवढंच करा, त्या नव्या चोपडीचं पान कोणासमोर उघडण्याआधी एकदा स्वतः बघा. यादी नंतर. आणि मला फेकताना कोणाला वाटलं, आठवं पान तरी सुलट करावं, तर नका करू. ते तसंच राहू दे, हिरव्या दोऱ्यासकट. त्या पानानं एका बाईवरचा आळ उतरवलाय.